कोस्टा रिकात शाळेच्या संचलनात चालायचंय? आधी सेफ्टी पिना घ्या

ऑगस्ट अर्धा सरला की कोस्टा रिकातल्या शाळेत शिकवणं अवघड होऊन बसतं. आपण फळ्यावर इंग्रजी महिन्यांची नावं लिहीत असतो आणि बाहेर मैदानात पंधरा-वीस पोरं ढोल बडवत असतात. खिडकीची काच थरथरते, वर्गातली निम्मी मुलं बाकावर बोटांनी तोच ताल धरतात. पहिल्या आठवड्यात मी चिडले. दुसऱ्या आठवड्यात मुकाट्याने खिडकी लावून घेतली. तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून म्हणाल्या, "टीचर, पंधरा सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनाला, तुम्ही आमच्याबरोबर चालणार ना?" मी लगेच हो म्हटलं. आपण कशाला हो म्हटलंय हे कळायला पुढचा महिना गेला.

स्वयंसेवक शिक्षक म्हणून तिथे पहिल्यांदाच गेला असाल, तर तो महिना थोडा सोपा जावा म्हणून हे लिहिते आहे.

तारखा आणि त्यामागची गोष्ट

१५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वाटेमाला शहरात स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर झालं, ते साऱ्या मध्य अमेरिकेच्या वतीने. म्हणून ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन एकच आहे. गंमत अशी, की आपण स्वतंत्र झालो हे कोस्टा रिकाला कळलं जवळजवळ महिन्याने. निरोप कार्तागोला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, पोचला १३ ऑक्टोबरला. चौथी-पाचवीतलं कुठलंही मूल ही गोष्ट तुम्हाला रंगवून सांगेल. एकदा विचाराच. स्पॅनिशचा सराव होतो आणि मुलांना टीचरला शिकवायची संधी मिळते.

तुम्हाला दोन दिवस हाताळायचे आहेत. १४ च्या संध्याकाळी कंदिलांची मिरवणूक असते आणि १५ च्या सकाळी संचलन, म्हणजे तिथल्या भाषेत 'देस्फिले'. मध्ये रात्रीची झोप जेमतेम मिळते.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट चालू असते. ग्वाटेमालाहून निघालेली स्वातंत्र्याची मशाल शाळकरी मुलांच्या हातून हातात पळत पळत, निकाराग्वाला लागून असलेल्या पेन्यास ब्लांकासच्या सीमेवरून कोस्टा रिकात येते आणि १४ च्या संध्याकाळी कार्तागोला पोचते. ही पद्धत १९६४ पासूनची, आणि कल्पना एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची. मशालीच्या वाटेवरच्या गावात तुमची शाळा असेल, तर पाचवी-सहावीची मुलं त्या दिवशी वर्गात सापडणार नाहीत. हजेरी घेत बसू नका.

आणि हे ध्यानात असू द्या, की या देशाला सैन्य नाही. १ डिसेंबर १९४८ ला तेव्हाचे सरकारप्रमुख होसे फिगेरेस यांनी राजधानी सान होसेतल्या बेयाव्हिस्ता बराकीच्या भिंतीवर हातोडा घातला आणि सैन्य बरखास्त केलं. त्या बराकीत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यामुळे स्वातंत्र्यदिनाला रणगाडे नाहीत, विमानांच्या कसरती नाहीत. रस्त्यावरून जातात त्या शाळा. अख्खं गाव कडेला उभं राहून बघतं ते आपल्या पोरांना. म्हणूनच मुख्याध्यापिकांना त्या दिवसाचा एवढा ताण असतो, आणि म्हणूनच 'शाळेचा छोटासा कार्यक्रम असेल' असं समजून जायचं नाही.

जागा मागू नका, काम मागा

नवखा माणूस विचारतो, "मी कुठे चालू?" हा प्रश्न मुख्याध्यापिकांना कोड्यात टाकतो. तुम्ही पाहुण्या, मग पुढे ठेवायचं का? झेंड्याच्या मागे? फलकाशेजारी? खरं तर पुढची जागा ठरलेली असते. राष्ट्रध्वज धरायचा मान अभ्यासात पुढे असलेल्या मुलांचा, बहुतेक वेळा सहावीतल्या. सहावी हे तिथल्या प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष. त्या मुलांच्या घरी याची तयारी कधीपासून चाललेली असते. तिथे परदेशी टीचर येऊन उभी राहिली की फोटोत तीच दिसते.

त्याऐवजी विचारा, "कुठल्या वर्गाबरोबर मदत लागेल?" उत्तर चुटकीसरशी मिळतं. माझ्या वाट्याला पहिली आली. पहिलीची मुलं सगळ्यात लहान, सगळ्यात गोड आणि सगळ्यात जास्त हरवणारी.

विचारताना 'उस्तेद' म्हणूनच बोला. कोस्टा रिकात 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही' हे फक्त मोठ्यांसाठी राखून ठेवलेलं नाही. आया पोटच्या मुलांनाही 'उस्तेद' म्हणतात. तुमच्या सहकारी बाईंना मुलं 'निन्या' अशी हाक मारतील. शब्दशः अर्थ 'मुलगी', पण प्राथमिक शाळेत तो 'बाई' असाच वापरतात. इंग्रजी शिकवणारी मात्र 'टीचर'. ही हाक बाजारातही पाठ सोडत नाही.

एखाद्या संस्थेमार्फत गेला असाल तर तिथल्या समन्वयकाला दोन्ही दिवसांची आधी कल्पना द्या. संध्याकाळी उशिरा बाहेर असणार हे त्यांना माहीत हवं.

सराव

सरावाला 'एन्सायो' म्हणतात. त्याचं वेळापत्रक कागदावर असतं आणि पाळलं जाईल तेवढं जातं. पाऊस आला की सराव व्हरांड्यात. शिवाय ९ सप्टेंबरला तिथे बालदिन असतो, त्या दिवशी खेळ आणि खाऊ. सरावाचं नाव काढायचं नाही.

शब्द थोडेच लागतात: 'फिला' म्हणजे रांग, 'दिस्तान्सिया' म्हणजे हाताचं अंतर, 'आल्तो' म्हणजे थांबा, 'इस्क्येर्दा' डावा, 'देरेचा' उजवा. पहिलीच्या मुलांना डावा-उजवा कळत नाही. कुठल्याच देशात कळत नाही. मी प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला निळी लोकर बांधली आणि 'डावा' म्हणायच्या जागी 'निळा' म्हणायला लागले. शेजारच्या वर्गाच्या बाई हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लोकर मागून घेऊन गेल्या.

बँडशी ओळख करून घ्या, कारण सगळ्यांची पावलं त्याच्यावर पडतात. 'बोंबो' हा मोठा ढोल, 'रेदोब्लांते' हा तडतडणारा छोटा, 'प्लातियोस' म्हणजे झांजा, आणि 'लिरा' म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य: एका हाताने उभं धरायचं, दुसऱ्या हाताने छोट्या हातोडीने वाजवायचं. बोंबोवाल्या मुलाच्या मानेकडे जरूर बघा. पट्टा मानेत रुततो, अर्ध्या तासात लाल वळ उठतो, आणि मुलगा काही बोलत नाही, कारण बोलला तर ढोल दुसऱ्याला जाईल. पट्ट्याखाली दुमडलेला रुमाल घालून वर दोन टाके मारा. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते करायला इतर शिक्षकांना फुरसत नसते.

राष्ट्रगीत पाठ करा

हे मी सांगितलं म्हणून नाही, लाज वाटू नये म्हणून करा. १४ सप्टेंबरला संध्याकाळी बरोबर सहा वाजता सगळ्या देशात राष्ट्रगीत होतं. रेडिओ आणि टीव्हीवरून लागतं, लोक असतील तिथे उभे राहून गातात. शाळेच्या अंगणात दोनशे माणसं गात असताना आपणच फक्त ओठ हलवत असलो, की शेजारची सात वर्षांची मुलगी मान वर करून आपल्या तोंडाकडे बघते.

चाल १८५२ ची, मान्वेल मारिया गुतिएर्रेस यांची. ब्रिटन आणि अमेरिकेच्या प्रतिनिधींच्या स्वागताला राष्ट्रगीत हवं होतं, म्हणून ती घाईने करून घेतली गेली. गुतिएर्रेस नाही म्हणाले तेव्हा त्यांना कोंडून घातलं आणि चाल झाल्यावरच सोडलं, असंही सांगतात. खरं-खोटं असो, पण संगीताचे शिक्षक हे सांगताना फार खुश असतात. आज गातात ते शब्द होसे मारिया सेलेदोन यांचे, १९०३ च्या स्पर्धेतून निवडलेले. त्यात कौतुक आहे ते शेतात राबणाऱ्या साध्या माणसांचं. अर्थ समजून घेतलात तर पाठांतर लवकर होतं. पहिलं कडवं अगदी पक्कं करा. पुढच्या ओळींना आजूबाजूचा आवाज सांभाळून नेतो. हात कुठे ठेवायचे, टोपी काढायची का, यासाठी मुख्याध्यापिकांकडे बघा आणि त्या करतील तसं करा.

फारोल: कंदील करताना

'फारोल' म्हणजे कंदील. १८२१ च्या त्या रात्री ग्वाटेमालात दोलोरेस बेदोया नावाची बाई हातात कंदील घेऊन लोकांना जमा करत फिरली, त्याची ही आठवण. शाळांमधून कंदिलांची मिरवणूक सुरू झाली १९५३ मध्ये. तीही एका शिक्षकाच्याच कल्पनेतून. या देशात असल्या गोष्टी शिक्षकच सुरू करतात, असं दिसतं.

तुम्हालाही एक करावा लागेल, कारण मुलं विचारणारच, "टीचर, तुमचा कुठाय?" आकार हवा तो: मातीचं जुनं घर, चर्च, सार्चीच्या रंगीत बैलगाडीचं चाक. पुठ्ठा दुकानातल्या रिकाम्या खोक्याचा चालतो. खिडक्या कापून आतल्या बाजूने रंगीत जिलेटिन कागद लावायचा. वर तारेचा आकडा, त्यातून काठी. काठी मुलाच्या हाताएवढी लांब ठेवा. जास्त लांब झाली तर पुढच्याच्या डोक्याला लागते, आखूड झाली तर कंदील पोटाला घासतो.

आत मेणबत्ती नको. जुने लोक मेणबत्तीचाच हट्ट धरतील, तिचा उजेड खरंच सुंदर पडतो, पण पुठ्ठा, जिलेटिन आणि सहा वर्षांचं मूल हे त्रिकूट मेणबत्तीजवळ नेऊ नये. सेलवरचे छोटे दिवे मिळतात. जादा सेल खिशात ठेवा.

आता पाऊस. सप्टेंबर म्हणजे सान होसेच्या मधल्या खोऱ्यात आणि पॅसिफिकच्या बाजूला ऐन पावसाळा. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर धो धो, हा रोजचा क्रम. सहाची मिरवणूक म्हणजे पावसाची वेळ. लिमोनकडे, कॅरिबियन किनाऱ्याला, सप्टेंबर त्या मानाने कोरडा जातो. तिकडे असाल तर नशीबवान. मी माझं कंदिलाचं घर पांढऱ्या डिंकाने चिकटवलं होतं. सव्वासहाला छप्पर घसरलं, साडेसहाला एक भिंत गेली, आणि शेवटी माझ्या काठीला एक जळता दिवा आणि दरवाजा एवढंच उरलं. माझ्या शेजारून चालणाऱ्या तिसरीतल्या मुलाने दुधाच्या प्लास्टिक कॅनला खिडक्या कापून कंदील केला होता. तो कोरडा ठणठणीत. त्याने माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या कंदिलाकडे बघितलं, आणि फार सभ्यपणे काहीच बोलला नाही.

म्हणजे ग्लू गनचा गरम डिंक वापरा, आणि वरून घालायला पारदर्शक पिशवी आणा.

काय घालायचं

मुलांचं ठरलेलं असतं: सरकारी प्राथमिक शाळेत पांढरा सदरा आणि गडद निळी पँट किंवा स्कर्ट. काही मुलं पारंपरिक वेशात येतात. मुलींचे घेरदार, झालरींचे झगे आणि केसांत फुलं. मुलगे पांढऱ्या कपड्यात, गळ्यात लाल रुमाल आणि डोक्यावर 'चोनेते' नावाची कापडी टोपी. शिक्षकांचं काय ठरलंय ते आधी विचारा. अनेकदा सगळ्यांनी एकाच रंगाचा शर्ट असं ठरतं, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून जातं.

साडी नेसू का, असं मला पुढे दोघी-तिघींनी विचारलं. मुख्याध्यापिकांनी आपणहून सुचवलं तर नेसा, नाही तर कपाटात राहू द्या. आपला झेंडा तर मुळीच बरोबर घेऊ नका. दिवस त्यांचा आहे; आपल्या देशाबद्दल सांगायला वर्षभर वर्ग आहे.

बूट जुने, पायाला सरावलेले. नव्या बुटांत दोन तास रांगेत उभं राहून बघा म्हणजे कळेल.

पंधराची सकाळ

संचलनात चालायला लागतात चाळीसेक मिनिटं. थांबायला लागतात दोन तास. हे गणित मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्या शाळा एका रस्त्यावर येऊन आपल्या क्रमांकाची वाट बघत उभ्या राहतात. ऊन तापत जातं. सान होसे आणि आसपासची गावं समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटरवर आहेत, हवा गार लागते, त्यामुळे ऊन चटका देतंय हे संध्याकाळी आरशात कळतं. मुलांच्या नाकाला, कानांना क्रीम लावा. त्यांच्या आयांनी लावलेलं असतंच, तरी पुन्हा लावा.

पिशवीत काय हवं ते माझ्या अनुभवावरून सांगते. सेफ्टी पिना, डझनभर तरी. झालरीचे झगे बहुतेक मोठ्या बहिणीचे नाही तर मावसबहिणीचे असतात. कमरेत सैल, खाली लांब. स्वतःच्याच पायाखाली झालर येते आणि टर्रकन उसवते, तेही रांग हलायला लागल्यावर. मी एका मुलीची झालर चालता चालता, वाकून, तिच्यामागून बदकासारखी सरकत पिनांनी लावली आहे. पिन आडवी लावा, टोक बाहेरच्या बाजूला ठेवा आणि वर झालरीची घडी येऊ द्या, म्हणजे पायाला टोचत नाही. पिनांनंतर नंबर लागतो केसांच्या रबरांचा, पाण्याचा, चिकटपट्ट्यांचा, ओल्या कागदी रुमालांचा, आणि बँडसाठी ढोलाच्या काड्यांच्या जादा जोडीचा. काडी मोडते, आणि मोडते ती पाहुण्यांच्या मंचासमोरच.

निघायच्या आधी सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. "मला नाही लागली" म्हणणाऱ्यांना आधी न्या.

वर्गाची यादी कागदावर हवी, फोनवर नको. त्यात प्रत्येकाला घ्यायला कोण येणार ते लिहा. संचलन संपल्यावर गर्दीत कोणी तरी "मी मामा" म्हणून हात पुढे करतो. तो मामाच असतो, पण यादीत नाव बघितल्याशिवाय मूल देऊ नका. खरा मामा त्याबद्दल रागावत नाही.

चालताना

रांगेच्या बाहेरच्या बाजूने चाला, गर्दीच्या अंगाला, शेवटच्या जोडीच्या किंचित मागे. तिथून सगळी डोकी दिसतात. कडेला उभं गाव म्हणजे आया, आज्या, काका, चुलतभाऊ. प्रत्येक जण नावाने हाक मारतो आणि प्रत्येक हाकेला एक डोकं वळतं, पाऊल चुकतं. चुकू द्या. रांगेत मोकळी फट पडली तर तेवढं मात्र सांभाळा: पुढच्यांना थांबवू नका, मागच्यांना पळवू नका, जरा लांब पावलं टाकायला सांगा.

माझं चुकलं ते वळणावर. चर्चसमोर बँडने ताल बदलला, काठ्या फिरवणाऱ्या मुली पुढे आल्या, आणि मी फोन काढला. बारा सेकंदांचा व्हिडिओ. तेवढ्यात पहिलीतल्या एका मुलीला आजी दिसली आणि ती सरळ रांगेतून निघून आजीच्या मांडीवर जाऊन बसली. मला कळलं पुढच्या चौकात, मोजल्यावर. एकवीसच. पोटात गोळा आला म्हणजे काय ते तेव्हा समजलं. आजी तिला कडेवर घेऊन गर्दीतून धावत येत होती, हसत होती, आणि मुलीच्या हातात एव्हाना बर्फाचा गोळा होता. तेव्हापासून प्रत्येक वळणावर मोजते. फोन पिशवीत, पिशवीची चेन बंद.

फोटोंचं इथेच सांगून टाकते. शाळेच्या परवानगीशिवाय मुलांचे चेहरे कुठेही टाकू नका. शाळा स्वतः फोटो काढते, पालक शेकड्यांनी काढतात. तुम्हाला हवे तेवढे कोणी ना कोणी पाठवतंच.

मंचासमोर पाहुण्यांकडे बघून हात हलवायची गरज नाही. तिथे मुलांकडे बघा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो: झेंडेवाले थांबतात, बँड थांबत नाही.

नंतर

संचलन संपतं त्या जागी पालकांचा लोंढा येतो. यादी काढा, एकेकाला नावाने सोपवा, शेवटचं मूल जाईपर्यंत हलू नका. मग ढोल, लिरा, झांजा, फलक मोजून परत शाळेत. इतर शिक्षकांचं लक्ष आता घरी जाण्याकडे असतं, त्यामुळे या कामाला माणसं कमी पडतात. थांबलात तर कोणी तरी कॉफी करतं, आणि वर्षभरात कळल्या नसतील इतक्या शाळेतल्या गोष्टी त्या एका तासात कळतात.

उसने आणलेले झगे दुसऱ्या दिवशी पिशव्यांतून परत यायला लागतात. देण्याआधी प्रत्येक झालर हाताने चाचपून आपल्या पिना काढून घ्या. माझी एक राहिली होती. ती तीन आठवड्यांनी एका आजीने रुमालात गुंडाळून शाळेत पाठवली.